पाटावरचा मालक

अर्विंग, टेक्सस
१९ ऑक्टोबर २००८

दादा,

'साष्टांग नमस्कार' लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. काल तू माझा फोन आपटलास. गेल्या रविवारी म्हणालास, मीटिंगमध्ये आहे. रविवारी कसली रे मीटिंग? ईमेल केली की वाचून गप्प बसतोस. म्हणून हा कागद घेतलाय. हा तुला मध्येच बंद करता येणार नाही.

कामाचं सांगते. ज्या कंपनीकडून या घराचं कर्ज घेतलं, तिला टेक्ससच्या आणि आणखी कुठल्या कुठल्या राज्यांच्या सरकारी वकिलांनी कोर्टात खेचलं होतं. आधी स्वस्त हप्ता दाखवून लोकांना आत ओढायचं आणि तीन वर्षांनी तोच हप्ता दुपटीवर नेऊन ठेवायचा, हा यांचा धंदा. आता सेटलमेंट झालंय. आमचं काही चुकलं असं कंपनी म्हणत नाही, बरं का! पण अडचणीत आलेल्यांचा व्याजदर खाली आणायला तयार झालीय. म्हणजे हप्ता पुन्हा पहिल्यासारखा. पेपरात वाचलं आणि मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले. वल्लरी धावत आली, "Mom, what happened?" म्हटलं, बाळा, आपलं घर वाचलं.

दुसऱ्याच दिवशी मी आणि प्रल्हाद मदत केंद्रात गेलो. तिथे मिसेस ओर्टिझ म्हणून बाई आहेत, फुकट सल्ला देतात. त्यांनी विचारलं, कर्ज कुणाच्या नावावर? म्हटलं, देवदत्त पांढरीपांडे. हे तुमचे मिस्टर? नाही, भाऊ. या घरात राहतात? नाही, सांता क्लाराला. बाईंनी पेन खाली ठेवलं. सवलत ज्याच्या नावावर कर्ज आहे आणि जो स्वतः त्या घरात राहतो, त्यालाच.

चार वर्षं या घरात राहते मी. हप्ते भरतो प्रल्हाद. उन्हाळ्यात त्याच्या ऑफिसनं कॉन्ट्रॅक्टचे पैसे कापले आणि आम्ही मागे पडलो, तोपर्यंत एक हप्ता चुकला नव्हता. आणि कागदावर आम्ही कुणीच नाही!

दादा, अर्जावर तुझी सही लागेल, तू इथे राहतोस म्हणून. डिसेंबरच्या मध्यापर्यंत मुदत आहे. ती गेली तर जानेवारीत हे घर लिलावात जाईल. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे मागते आहे.

शरयू


सांता क्लारा, कॅलिफोर्निया
२७ ऑक्टोबर २००८

चि. शरयू,

अनेक आशीर्वाद आणि तुम्हा सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा.

पत्र मिळालं. पहिली गोष्ट, भाषा सांभाळ. मी तुझा मोठा भाऊ आहे.

दुसरी गोष्ट. तुम्ही हप्ते थकवलेत, त्याचे फोन मला ऑफिसात येतात. समोर टीम बसलेली असते आणि मी एखाद्या चोरासारखा कॉरिडॉरमध्ये जाऊन बोलतो. वीस वर्षं जपलेलं माझं क्रेडिट तुमच्यामुळे मातीत गेलं. याबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही.

प्रल्हादला या देशात येऊन तेव्हा एक वर्ष झालं होतं. क्रेडिट हिस्टरी शून्य. त्याला कुणी दारात उभं केलं नसतं. मी माझं नाव दिलं. कोण देतं आजकाल? इथल्या आपल्या मंडळात विचार, सख्ख्या भावाच्या गाडीच्या लोनवरही लोक सही करत नाहीत.

आणि आता तू म्हणतेस, मी अर्विंगला राहतो असं लिहून दे. शरयू, मी खोटी सही करणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. सरकारी सेटलमेंट आहे, गावातली सोसायटी नव्हे. उद्या कुणी चौकशी केली तर तुरुंगात मी जाईन, तू नाही.

शांतपणे विचार कर. घर म्हणजे सर्वस्व नाही. एखादं बरंसं अपार्टमेंट बघा. तिघांना कितीशी जागा लागते? प्रल्हादलाही सांग, मोठा टीव्ही आणि डिस्ने क्रूझ नंतरही होऊ शकतं.

आईला यातलं काही कळवू नकोस. तिचं बीपी सध्या वरच असतं. फराळ पाठवायचं रेणूला जमलं नाही.

तुझा,
दादा


अर्विंग
२ नोव्हेंबर २००८

दादा,

शुभेच्छा पोचल्या. त्या तळून खाल्ल्या.

डिस्ने क्रूझ! अरे, तिकिटं प्रल्हादच्या ऑफिसच्या लॉटरीत लागली होती, तुलाच फोन करून सांगितलं होतं. तूच म्हणाला होतास, मजा करा. आता ती मजा आमच्या अंगावर फेकतोस?

तत्त्वाचा प्रश्न म्हणे. २००४ साली तुझी तत्त्वं कुठे गेली होती? त्या देसी ब्रोकरनं आमच्या जुन्या अपार्टमेंटच्या ओट्यावर कागद पसरले, पाठीमागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, आणि तू गप्पा मारत सह्या ठोकल्यास. त्यात एक कागद होता, 'या घरात मी स्वतः राहणार आहे.' ओर्टिझबाईंनी कंपनीकडून तोच मागवून मला दाखवला. म्हणजे तेव्हा खोटं चाललं. तेव्हा तुला मोठेपणा मिळत होता ना!

आणि नाव कुणी मागितलं होतं तुझ्याकडे? प्रल्हाद म्हणत होता, दोन वर्षं भाड्यानं राहू, क्रेडिट तयार करू, मग स्वतःच्या नावावर घेऊ. तूच आईसमोर छाती काढून म्हणालास, "माझी बहीण भाड्याच्या घरात राहणार नाही." आई रडली. तुझ्या गालावरून हात फिरवला. सुरुवातीचे पैसे कुणाचे होते पण? प्रल्हादचा नागपुरातला मनीषनगरचा फ्लॅट विकून आलेले. ते आईला सांगितलंस का कधी? आजही ती फोनवर बायकांना सांगते, देवदत्तनं बहिणीला अमेरिकेत घर घेऊन दिलं. त्या मला ऐकवतात आणि मीही हो म्हणते, तिला बरं वाटतं म्हणून.

वास्तुशांत आठवते? गुरुजींनी विचारलं, मालक कोण? मला वाटलं तू हसून म्हणशील, अहो, हे प्रल्हाद आणि शरयू. तू सोवळं नेसून तयारच होतास! पाटावर तू आणि रेणूवहिनी. मी नवीन पैठणी नेसून गॅरेजमध्ये पुऱ्या तळत होते आणि प्रल्हाद दारात उभा राहून लोकांना चपला कुठे काढायच्या ते सांगत होता. स्वतःच्या घराच्या वास्तुशांतीला! रात्री तो एवढंच म्हणाला, "जाऊ दे, नावातच तर आहे." मी तेव्हा भांडायला हवं होतं.

पाटावर बसायला तू मालक, आणि घर बुडायला लागलं की मी भाडेकरू? अपार्टमेंट बघा म्हणे. सही करायची नसेल तर एक काम कर. खरंच ये राहायला. बॅग भर, वहिनींना घे, आईला घे, आणि ये. मास्टर बेडरूम देते. मग सही खरी होईल आणि तुझी तत्त्वंही वाचतील. आहे हिंमत?

शरयू


सांता क्लारा
१४ नोव्हेंबर २००८

चि. शरयू,

तुझ्या पत्राला उत्तर देत बसत नाही. रागात माणूस काहीही लिहितो. मी मनावर घेतलं नाही.

मी इथे एका जाणकाराशी बोललो. तुमच्या घराचं काम होण्यासाठी एक साधा कागद लागतो. या घरात सुरुवातीपासून तू आणि प्रल्हाद राहता, मी कधीही राहिलो नाही, एवढाच मजकूर. म्हणजे खरं तेच. कागद सोबत जोडलाय. पिवळी चिठ्ठी लावलीय तिथे सही कर, नोटरी करून घे आणि मला परत पाठव, पुढचं मी बघतो. कायद्याची भाषा आहे, वाचत बसलीस तर उगाच गोंधळशील. महिनाअखेरीच्या आत मिळायला हवा.

तुमचं भलं व्हावं हीच इच्छा.

दादा


अर्विंग
२१ नोव्हेंबर २००८

देवदत्त,

आज दादा म्हणवत नाही.

तुझा कागद आला तेव्हा मी काय केलं माहीत आहे? देवापाशी ठेवला. प्रल्हादला म्हटलं, बघ, शेवटी भाऊ तो भाऊ. वल्लरीला सांगितलं, मामानं केलं काम. सही करायला नोटरीकडे निघाले होते. वाटेत म्हटलं, ओर्टिझबाईंना दाखवून थँक यू म्हणावं, इतकी माझी कामं केली त्यांनी.

बाईंनी वाचलं. मग मला म्हणाल्या, बसा. पाणी दिलं. आणि विचारलं, तुमच्या भावाचं स्वतःचं घरही याच कंपनीकडे आहे का?

अरे माणसा!

ओर्टिझबाईंनी मला एकेक बोट मोजत समजावलं. तुझ्या अर्जाची तारीख आणि तो का परत आला, ते त्या कागदावरच छापलंय. तुझ्या सांता क्लाराच्या घराचं कर्जही तू त्याच ब्रोकरकडून, त्याच कंपनीत नेऊन ठेवलंस. तिथेही लिहून दिलंस की मी इथे राहतो. एकच माणूस एकाच वेळी टेक्ससमध्ये आणि कॅलिफोर्नियात राहतो, हे तेव्हा त्या कंपनीत कुणालाही खटकलं नाही, कारण कमिशन दोन्हीकडून मिळत होतं. आता त्या घरासाठी तूच सवलतीचा अर्ज केलायस. माझ्या पहिल्या पत्राच्या आधी! मी इथे तुझ्या सहीसाठी पाया पडत होते तेव्हा तुझा अर्ज त्यांच्याकडे जाऊन पडला होता. आणि कंपनीनं तो परत पाठवला, कारण सवलत एका माणसाला एकाच घरावर मिळते आणि त्यांच्याकडच्या पहिल्या कागदाप्रमाणे तू अर्विंगला राहतोस. तो पुसायला तुला माझी सही हवी. ती सही केली की तुझं घर वाचतं आणि माझी फाइल कायमची बंद होते.

बाई असंही म्हणाल्या की कंपनी खोट्या सहीवरून कुणाला धरणार नाही. धरायला गेली तर तिचेच दलाल उघडे पडतील. म्हणजे तुरुंगाची भीतीही थापच.

तू मला सांगितलं असतंस ना, "शरयू, मी बुडतोय, माझं घर जातंय," तर मी शिव्या दिल्या असत्या आणि पुढच्या विमानानं आले असते. पण तू माझ्याच हातानं माझ्या घराचा गळा दाबायला निघालास, आणि वर लिहितोस, तुमचं भलं व्हावं. लाज नाही वाटली पिवळी चिठ्ठी चिकटवताना?

प्रल्हाद आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. म्हणाला, त्याचंही जाऊ दे. बसू देत सगळे रस्त्यावर.

कागद माझ्याकडे आहे. फाडलेला नाही. पाठवणारही नाही.

शरयू पांढरीपांडे, लग्नाआधीची


सांता क्लारा
२९ नोव्हेंबर २००८

प्रिय शरयू,

मी रेणू. देवदत्तला न सांगता लिहिते आहे. तुझी सगळी पत्रं आणि त्यानं ठेवलेल्या त्याच्या उत्तरांच्या प्रती आज मला त्याच्या गाडीत सापडल्या. 'साधा कागद पाठवलाय शरयूला' एवढंच मला माहीत होतं. तुझं शेवटचं पत्र वाचलं आणि मी गाडीतच बसून राहिले.

मी त्याची बाजू घ्यायला लिहीत नाही. चीड मलाही आलीय, आणि तुझ्याहून कमी नाही. शेअर वर गेले तेव्हा यानं घरावर कर्ज वाढवून नवीन स्वयंपाकघर केलं, मंडळाला देणगी दिली, स्टेजवर शाल घेतली. मी नको म्हणत होते. मला म्हणाला, तुला कळत नाही. आता हप्ता माझ्या पगाराहून मोठा आहे. त्याची टीम, त्याच्या मीटिंगा यांतलं आता काही उरलेलं नाही. उन्हाळ्यातच त्याला काढलं. सकाळी शर्ट इन करून निघतो आणि लायब्ररीत बसतो. ऑफिसातल्या फोनचं तुला लिहिलंय ते वाचून मला हसावं की रडावं कळेना.

त्या पाटावर मीही बसले होते. गुरुजींनी हातात अक्षता दिल्या तेव्हा मला तुझ्याकडे बघवलं नाही. पण उठलेही नाही.

आईंना काही माहीत नाही. त्या अजून रोज संध्याकाळी देवदत्तची दृष्ट काढतात.

सही कर असं मी म्हणणार नाही. कोणत्या तोंडानं म्हणू? तुझी बाजू खरी आहे. तू नाही म्हणालीस तर आम्ही कुठे जायचं ते बघू, पण आईंना घेऊन कुठे जाता येईल ते मला सुचत नाही. हे तुझ्यावर दडपण आणायला लिहीत नाही. पण लिहिल्याशिवाय राहवलंही नाही.

वल्लरीला पापा.

रेणू


अर्विंग
७ डिसेंबर २००८

दादा,

रेणूवहिनींच्या पत्रानं मी विरघळले असं समजू नकोस. आईचं नाव त्यांनी घेतलं, त्याचाही मला रागच आला. आणि त्यांना काही बोललास तर याद राख. त्या घरात खरं बोलणारं तेवढं एकच माणूस आहे.

शुक्रवारी दुपारी मी आईला फोन केला. तू लायब्ररीत असतोस ती वेळ बघून केला. हो, तेही सांगितलं. सगळंच सांगितलं. प्रल्हादचा फ्लॅट, तुझ्या सह्या, तुझी नोकरी, दोन्ही घरं. तुझा मोठेपणा मी चार वर्षं माझ्या तोंडात धरून ठेवला होता, तो थुंकून टाकला. बीपी वाढेल म्हणून घाबरत होते. काही झालं नाही तिला. तिनं एवढंच विचारलं, "मग मी आत्ता कुणाच्या घरात राहते आहे गं?"

दादा, तूच सांग, कुणाच्या? तुझ्या घरात म्हणावं तर ते तुझं राहिलेलं नाही. माझ्याकडे ये म्हणावं तर हे माझं कधी नव्हतंच. ब्याऐंशी वर्षांची बाई, नागपूरचं सगळं आवरून पोराच्या भरवशावर इतक्या लांब आली, आणि तिला हे विचारावं लागतं. तुझ्या तोंडात मारावीशी वाटली. प्रल्हादनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि तिला म्हणाला, "आई, तुम्ही राहता ते घर कुठेही जाणार नाही." त्याला काय अधिकार होता असं म्हणण्याचा? त्याच्या बापाचं घर होतं का ते? पण तो म्हणाला.

म्हणून सही केली. काल नोटरी झाली, कागद पाकिटात आहे, मुदतीच्या आत पोचेल. ही सही आईसाठी आणि प्रल्हादच्या त्या शब्दासाठी आहे. तुझ्यासाठी नाही. तू थँक्सचा फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

ओर्टिझबाई मला म्हणाल्या, आय अॅम सॉरी. त्या कंपनीतला एकही जण सॉरी म्हणाला नाही. त्यांनी सरकारला कबूल केलेले पैसे भरले की ते मोकळे. असलं कसलं सेटलमेंट, ज्यात वाचायचं म्हणजे भावाबहिणीनं एकमेकांना ढकलून वर यायचं? पेपरात मात्र फोटो येतील, इतकी इतकी घरं वाचली. त्यात तुझंही एक.

आम्ही नाताळच्या सुट्टीत जातोय. बेल्टलाइन रोडच्या मागे दोन खोल्यांचं अपार्टमेंट मिळालं. वल्लरीची शाळा बदलणार, ती माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशीही बोलणार नाही, तेव्हा तिला गिफ्ट कार्ड पाठवू नकोस.

एक शेवटचं. इथे लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतो, डॅलसच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर. एक माणूस उभा राहून मोठ्यानं घराचा पत्ता वाचतो आणि मालकाचं नाव वाचतो. लोक कॉफी पीत ऐकतात. तुझं नाव वाचतील, दादा. त्या टेक्सनला 'पांढरीपांडे' म्हणता येणार नाही, काहीतरी वेडंवाकडं म्हणेल. हसतीलही कुणी.

तू येणार नाहीस, मला माहीत आहे. मी सुट्टी काढली आहे. आपल्या आडनावाला कुणी हसत असताना आपल्या घरचं कुणीतरी तिथे असायला हवं.

शरयू